दिवा लागलाच नाही

"हे तुम्हाला खरं वाटणार नाही," मी घोलप सरांना म्हणालो, "आणि नाही वाटलं तर माझं काही म्हणणं नाही. पण साक्षीदार समोर बसलीय, एवढं ध्यानात असू द्या."

साक्षीदार म्हणजे अनुजा चाळके. आमच्या वाघळी फाट्यापासून वर घाटापर्यंतच्या जंगलाची वनरक्षक. खाकी कपड्यात, माझ्या गॅरेजशेजारच्या दस्तगीरच्या चहाच्या टपरीपुढच्या बाकावर बसली होती. आली होती चाकात हवा भरायला. पण मी बोलायला लागल्यावर उठून जाणं बरं दिसत नाही, म्हणून थांबली होती. तिची गाडी शेजारीच उभी होती. ज्या गाडीची ही हकिकत, तीच ती गाडी.

घोलप सर कराडच्या एका शाळेत चित्रकला शिकवतात. बायकोला मागं बसवून चिपळूणला सासुरवाडीला निघाले होते. गाडी नवी, आणि मीटरवर एबीएसचा पिवळा दिवा लागलेला, तो विझायचं नाव घेईना. पुढं अख्खा कुंभार्ली घाट उतरायचा. बाई घाबरलेल्या होत्या, सर आपण घाबरलेलो नाही असं दाखवत होते. माझी पाटी बघून थांबले. 'मुळीक ऑटो गॅरेज'. रंग उडालाय, पण पत्रा जाड आहे. त्यांच्या पुढच्या चाकाच्या मधोमध, हबला गुंडाळलेला लाल-हिरव्या लोकरीचा गोंडा बघितला आणि माणूस मला एकदम पसंत पडला. हल्ली गोंडा बांधतं कोण? सासऱ्यांनी बांधलाय म्हणाले. मी म्हटलं, जाणता सासरा मिळालाय, बसा. दिव्याचं बघू. आधी ऐका.

मग मी जे सांगितलं ते जसंच्या तसं इथं लिहितो. शब्द इकडचा तिकडे नाही.

आठ वर्षं झाली. अनुजा नुकतीच नोकरीला लागली होती, आणि पगारातून तिनं ही गाडी घेतली. आमच्या फाट्यावर रिवाज आहे. नवी गाडी देवळाच्या आधी माझ्याकडं येते. मी चाकाखाली लिंबू ठेवतो आणि पुढच्या हबला गोंडा बांधतो. लोकर माझी, वळायचा मी. गाडी फिरली की गोंडा हबवर फिरत राहतो, हब आरशासारखा लखलखतो, आणि नजर लागत नाही ते वेगळंच. चाळीस वर्षांत माझा गोंडा बांधलेली एक गाडी घसरली असेल तर दाखवा. गेल्या साली एक ट्रॅक्टर दरीत गेला. त्याला गोंडा नव्हता.

तर गोंडा बांधून बारा-तेरा दिवस झाले असतील, आणि अनुजाच्या गाडीवर हाच दिवा लागला.

आता हा दिवा काय आहे ते तुम्हाला सांगतो, कारण शोरूमवाले सांगत नाहीत. चाकाला एक दातेरी चकती असते. तिच्याशेजारी बोटाच्या पेराएवढा सेन्सर. तो दाते मोजत बसतो. ब्रेक दाबल्यावर चाक जाम व्हायला लागलं की त्याला कळतं, आणि तो ब्रेक सोडतो, धरतो, सोडतो, धरतो. म्हणजे गाडी घसरत नाही. त्याचं काम बरोबर चाललंय की नाही हे सांगायला तो दिवा. किल्ली फिरवली की दिवा लागणार. लागलाच पाहिजे. तो म्हणत असतो, मी जागा आहे. गाडी माणसाच्या चालीनं पंधरा-वीस पावलं गेली की विझणार. नाही विझला तर सेन्सरला दाते दिसत नाहीत. एवढं साधं आहे. यासाठी काचेच्या घरात बसायची आणि गळ्यात ओळखपत्राचा पट्टा घालायची काही गरज नाही.

काचेचं घर म्हणजे कराडचं शोरूम. अनुजा गाडी घेऊन तिथं गेली. तिथं इंगवले नावाचा इसम होता. वय तिशीचं, बोलणं साठीचं. त्यानं गाडीला लॅपटॉप जोडला, पडद्याकडं बघून मान हलवली आणि तिच्या कागदावर लिहून दिलं, 'बाहेरच्या मिस्त्रीचा हात लागलेला आहे.'

तो कागद अनुजानं मला आणून दाखवला. दस्तगीरनं वाचला, कारण माझा चष्मा घरी होता. सर, मी एस.टी.च्या वर्कशॉपात अकरा वर्षं काढली. एकदा कोयनेच्या पुलावर बंद पडलेली गाडी मी सुतळी आणि एका बाईच्या केसातल्या आकड्यावर पाटणपर्यंत नेली, आणि आतल्या बावन्न माणसांपैकी एकालाही कळलं नाही. त्या माझ्या हाताला हा पोरगा बाहेरचा हात म्हणतो. बाहेरचा म्हणजे कुठला? मी काय जंगलातून आलो?

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं मी कराडला. अनुजा तिच्या गाडीवरनं. ती सारखी सांगत होती, तात्या, भांडू नका, मला शनिवारपासून घाटातल्या नाक्यावर ड्यूटी आहे, गाडी नीट झाली की बास. मी म्हटलं, मी भांडायला चाललोच नाही, मी त्याला शिकवायला चाललोय.

तिथं मला आत सोडेनात. काचेच्या दारावर लिहिलेलं, ग्राहकांनी वर्कशॉपात येऊ नये. मी म्हटलं, मी ग्राहक नाही, मी मिस्त्री आहे. तर म्हणाले, मग तर मुळीच येऊ नका. मला थंड पाण्याच्या मशिनशेजारी एका लाल खुर्चीवर बसवलं. खुर्ची इतकी मऊ की रागानं उठायचं म्हटलं तरी दोनदा जोर लावावा लागला. काचेपलीकडं इंगवले माझ्या गोंड्याकडं बोट दाखवून अनुजाला काहीतरी सांगत होता आणि हसत होता. मी दार ढकलून आत गेलो.

"काय हसू आलं?" मी विचारलं.

"काही नाही काका," तो म्हणाला. "गोंडे, लिंबं, हार, काळ्या बाहुल्या. तुम्ही लोक काय काय बांधता गाडीला. हा गोंडा काढून टाका आधी, आणि गाडी दोन दिवस ठेवा. चाक खोलून बघतो."

सर, तुमच्या चित्रावर उभं राहून कुणी म्हणालं, हा कचरा आधी पुसा, तर तुम्हाला काय वाटेल? मला तेच वाटलं. मी त्याला शांतपणे सांगितलं, अगदी शांतपणे, मागच्या गाळ्यातल्या लोकांनी पाने खाली ठेवले इतकं शांतपणे, की माझ्या हातचा गोंडा दुसऱ्या कुणाच्या हातानं निघणार नाही. आणि दिव्याचं म्हणशील तर तो मी घालवतो.

तो म्हणाला, "काका, हे हातोडीचं काम नाही."

तिथं माझी जीभ सुटली. मी म्हटलं, शनिवारी संध्याकाळपर्यंत दिवा गेला नाही तर माझी पाटी उतरवीन, पुन्हा पान्याला हात लावणार नाही. पाटी तुझ्याकडं पाठवीन, पाण्याच्या टाकीवर झाकण म्हणून ठेव.

"मी शनिवारी गावी हेळवाकला जातो," इंगवले म्हणाला. "तुमच्या फाट्यावरनंच रस्ता आहे. थांबून बघीन."

ही गोष्ट बुधवारची. गुरुवार उजाडेपर्यंत अख्ख्या फाट्याला माहीत झालं, कारण दस्तगीर चहाबरोबर हेच देत होता. घरी कारभारीण म्हणाली, पाटी गेली तर तुम्ही दिवसभर घरात बसणार, म्हणजे मलाच कुठंतरी जावं लागेल. ती हसत म्हणाली, पण मला दिसलं की तिला झोप लागत नव्हती. वयाच्या बासष्टाव्या वर्षी माझ्याजवळ दुसरं काय होतं? शेत भावाकडं, पोरगा सुरतेला. एक ती पाटी होती.

मग मी गाडीला हात घातला. सर, तुम्हाला वाटेल म्हातारा वाढवून सांगतोय. बॅटरीची टोकं घासली. फ्यूज बघितला, चांगला. सगळे सॉकेट सोडवून पेट्रोलनं धुतले, फुंकले, लावले. ब्रेकचं तेल बदललं. वायर हँडलपासून चाकापर्यंत बोटानं चाचपत गेलो, आंधळा जपमाळ ओढतो तशी. कुठं तुटलेली नाही, कुठं सोललेली नाही. सेन्सर सोडवून पुसला. गोंडा दोन बोटांनी हळूच वर उचलून त्याच्याखालची चकती पुसली, आणि गोंडा पुन्हा होता तिथं, होता तसा, नीट विंचरून बसवला. स्क्रू ड्रायव्हरचं टोक हबला आणि मूठ कानाला लावून चाक फिरवलं, तर मला दाते मोजता यायला लागले. अठ्ठेचाळीस. चकतीवर मोजून बघितले, अठ्ठेचाळीसच. शोरूमच्या लॅपटॉपला हे जमलं नाही.

आणि गाडी रस्त्यावर काढली की दिवा पंधरा-वीस पावलांवर विझायचा, मला धीर यायचा, आणि देवळाच्या वळणावर पुन्हा लागायचा. सतरा वेळा गेलो. सतराव्या वेळी देवळाच्या पायरीवरचं माकडही गाडी आली की आधी मीटरकडं बघायला लागलं होतं.

ब्रेक लागतो का बघायला म्हणून ऐंशीच्या वेगानं आलो आणि खोतांच्या म्हशीच्या तोंडापुढं दाबला. गाडी अशी थांबली की म्हशीच्या नाकावरची माशी उडाली, म्हैस हलली नाही. तरी दिवा चालूच. आता तुम्हीच सांगा, ब्रेक असा लागतो आणि दिवा म्हणतो बिघाड आहे. खोटारडा कोण? दिवाच ना? हे सगळं त्या लॅपटॉपवाल्यांनी मुद्दाम करून ठेवलंय. गाडी बरी असली तरी ती आजारी आहे असं मालकाला वाटलं पाहिजे, म्हणजे तो त्या मऊ खुर्चीवर येऊन बसतो.

शनिवार आला. दुपारपासून टपरीपुढं माणसं जमली. घाटातल्या नाक्यावर अनुजाची पहिली ड्यूटी त्याच संध्याकाळची होती, ती बिचारी बॅग पाठीला लावून उभी. चार वाजता मी सगळ्यांना म्हणालो, मला गाडीबरोबर एक तास एकट्याला सोडा. शटर निम्मं खाली ओढलं. आत काय केलं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, पण तुम्ही घाट उतरणार म्हणून तुम्हाला सांगतो. मी गाडीशी बोललो. तिला म्हटलं, बाई, तुझी-माझी इज्जत एकच आहे. आणि तेवढ्यात शटरखालनं उन्हाची तिरीप आली ती नेमकी सेन्सरच्या तोंडावर पडली, आणि तिथं मला दिसला तिळाएवढा लोखंडाचा कीस. शोरूमवाल्यांनी नंबर प्लेटला भोक पाडलं होतं, त्याचा कीस. त्यांचा स्वतःचा. सुईच्या टोकानं मी तो काढला आणि पुडीत बांधून ठेवला. पुडी पुढं उंदरांनी नेली.

पाच वाजता इंगवले आला. मी शटर वर केलं. म्हटलं, बस, फिरव किल्ली. त्यानं किल्ली फिरवली. आणि सर, काय सांगू, दिवा लागलाच नाही. मिणमिणलासुद्धा नाही. अंधार. सेन्सरनं माझी धास्तीच घेतली होती. इंगवलेनं देवळाच्या वळणापर्यंत चक्कर मारली, दोनदा मारली. परत आला. अंधार.

फाटा तोंडात बोट घालून बघत होता. इंगवले गाडीवरनं उतरला, बराच वेळ मीटरकडं बघत राहिला. मग माझ्यापुढं आला, वाकला, माझ्या पायाला हात लावला आणि म्हणाला, "काका, मला तुमच्या हाताखाली घ्या." मी म्हटलं, आधी तो गळ्यातला पट्टा काढून ये. खाली मान घालून गेला. आठ वर्षं झाली, रस्ता हाच, दर शनिवारी माझ्या दारावरनं जातो, पण पुन्हा थांबायची हिंमत झाली नाही. असली ही शोरूमची माणसं.

आणि शेवट ऐका, म्हणजे गोंड्याची किंमत कळेल. या अनुजानं, एवढं सगळं मी तिच्यासाठी केलं, तिनं मला न विचारता माझा गोंडा काढून टाकला. का, तर खाकी कपड्यावर शोभत नाही असं काहीतरी सांगितलं. आणि गोंडा काढला त्याच आठवड्यात घाटात गवा आडवा आला आणि पडली. कोपराला सात टाके. दाखव गं. नाही दाखवत. तिला राग येतो. पण मी तिला एका शब्दानं बोललो नाही. गोंडा असता तर पडली नसती, एवढंच म्हणालो, आणि तेही येईल-जाईल त्याला, तिला नाही.

इथं मी थांबलो. घोलप सर उठून उभेच राहिले होते. डोळे चमकत होते त्यांचे. बायकोला म्हणाले, बघ, मी सांगत नव्हतो, जुना हात तो जुना हात. मग माझ्याकडं वळले.

"तात्या, तुम्ही एक तास गाडीबरोबर एकटे बसा," ते म्हणाले. "तेवढा तो दिवा घालवा. हिला मागं बसवून घाट उतरायचाय, तो पिवळा डोळा समोर असला की माझंच रस्त्याकडं लक्ष राहत नाही."

मी म्हटलं, तासाची गरज नाही, तुमच्यासाठी दहा मिनिटांत करतो. शटर ओढायच्या आधी टेबलाचा खण उघडला.

"तात्या," अनुजा म्हणाली, "टेपचं बंडल खणातच राहू द्या."

तिनं कप बाकावर ठेवला होता. आवाज चढवला नव्हता. आठ वर्षांत ती माझ्याशी या आवाजात कधी बोलली नव्हती.

"कसलं बंडल?" मी म्हणालो.

"काळं. वायरला गुंडाळायचं. त्याचा तुम्ही मसुरीच्या डाळीएवढा गोल कापला होता आणि माझ्या दिव्यावर चिकटवला होता." मग ती घोलपबाईंकडं वळली, सरांकडं नाही. "किल्ली फिरवली की दिवा आधी लागलाच पाहिजे, हे त्यांनीच आत्ता तुम्हाला सांगितलं. माझा लागला नाही."

दस्तगीर स्टोव्हवरनं किटली उचलायची विसरला, दूध उतू गेलं.

मी म्हटलं, आठ वर्षं गप्प बसलीस आणि आज पाव्हण्यांपुढं. मला खरोखर राग आला होता, खोटं कशाला सांगू.

"आज ते दोघं घाट उतरणार आहेत म्हणून," ती म्हणाली. "त्या शनिवारी मी चढले. गवा आला, मी ब्रेक दाबला, पुढचं चाक जाम झालं आणि मी घसरत गेले. तेव्हा गोंडा चाकावरच होता, तात्या. मी गोंडा असताना पडले."

बाही तिनं स्वतःच वर केली. मी बघितलं नाही.

"मला इंगवलेंनी उचललं. त्यांना तुमच्या दारातच कळलं होतं. चारचौघात बोलले असते तर तुम्ही पाटी उतरवली असती, म्हणून गप्प राहिले आणि मला गाठायला मागोमाग निघाले, पण गवा आधी आला. टेप त्यांनी नखानं काढली. आणि गोंडा त्यांनी कापला. त्याची लोकर सुटून सेन्सर आणि चकतीच्या मधे गेली होती, ब्रेकच्या लोखंडी भुकटीनं काळी होऊन. तुम्ही उचलून विंचरून परत बसवत होतात, ती पुन्हा जाऊन बसत होती. कापला, मधली लोकर ओढून काढली, आणि वीस पावलांत दिवा विझला. इंगवले तुमच्या पाया पडले नव्हते. ते वाकले होते ते माझ्या चाकाकडं बघायला."

 घोलपबाई उठल्या, पदर सावरून आपल्या गाडीच्या पुढच्या चाकापाशी खाली बसल्या आणि त्यांच्या वडिलांनी बांधलेला तो लाल-हिरवा गोंडा एका बोटानं बाजूला करून आत बघायला लागल्या.

अनुजा माझ्याजवळ आली. माझा हात अजून खणातच होता. तिनं खण आणखी थोडा ओढला, बंडल बाजूला सारलं आणि त्याच्याखालची कात्री काढून माझ्या हातात दिली.

"हा गोंडा तरी तुम्ही कापा," ती म्हणाली. "आणि मग किल्ली फिरवाल तेव्हा दिवा आधी लागू द्या."